विलंबाची किंमत : अपंगत्वाची भरपाई आणि मुदतीचा कायदा

१६ जुलै २००४ रोजी सकाळी तामिळनाडूतील कुंभकोणम या गावी श्री कृष्ण अनुदानित खाजगी शाळेला आग लागली. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून निघालेल्या ज्वाळांनी शाळेचे गवती छप्पर पेटले. त्या छपराखालच्या वर्गांत प्राथमिक शाळेची मुले बसली होती. ९४ बालके मृत्युमुखी पडली आणि १८ भाजून जखमी झाली. कावेरीकाठचे हे देवळांचे गाव तंजावर जिल्ह्यात येते. मराठी वाचकाला तंजावर आठवते ते व्यंकोजीराजांच्या घराण्यामुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. परंतु सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासकाला हा जिल्हा या दुर्घटनेसाठीही ठाऊक असावयास हवा.

दुर्घटनेनंतरचे टप्पे परीक्षार्थींच्या टिपणांत बहुधा असतात. न्यायमूर्ती के. संपत चौकशी आयोग नेमला गेला. शाळांवरील गवती छपरे काढण्यात आली. याच घटनेतून उद्भवलेल्या ‘अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार’ या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला आणि शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे प्रतिपादन केले. फौजदारी खटल्याचा निकाल तंजावर येथील न्यायालयात ३० जुलै २०१४ रोजी, म्हणजे आगीनंतर दहा वर्षांनी लागला. दहा जण दोषी ठरले व अकरा निर्दोष सुटले. पुढे २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अपिलात यातील अनेक शिक्षा रद्द किंवा कमी केल्या. भरपाईचा प्रश्न स्वतंत्रपणे उच्च न्यायालयात गेला होता. ती ठरविण्यासाठी निवृत्त न्यायाधीशांची एकसदस्य समिती नेमली गेली आणि दुर्घटनेला दशक उलटून गेल्यावरही तिच्यापुढे पालकांच्या साक्षी होत होत्या.

या लेखाचा विषय तो खटला नसून त्याने उघडा केलेला एक प्रश्न आहे. अपघाताने अपंगत्व आलेल्या व्यक्तीने किती दिवसांत न्यायालयाची पायरी चढली पाहिजे? आणि ज्याने पैसे द्यावयाचे, त्याने ते किती दिवसांत दिले पाहिजेत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने बऱ्याच तपशिलाने दिले आहे. दुसऱ्याच्या बाबतीत त्याचा हात आखडता आहे.

मुदतीचे घड्याळ

मुदत अधिनियम, १९६३ चे कलम ३ कठोर आहे. मुदत उलटल्यावर दाखल झालेला दावा फेटाळलाच पाहिजे, मग प्रतिवादीने तो मुद्दा उपस्थित केलेला असो वा नसो. कलम ५ अन्वये ‘पुरेसे कारण’ दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. पण ही सवलत अपिलांना व अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. हा भेद विद्यार्थी नेमका विसरतात. अपील करण्यास झालेला उशीर न्यायालय पोटात घालू शकते. मूळ दिवाणी दावा एक दिवस उशिरा आला, तर कलम ५ उपयोगी पडत नाही.

अपवाद कलम ६ मध्ये आहे. ज्याचा दावा आहे ती व्यक्ती अज्ञान किंवा मनोविकल असेल, तर ती ‘कायदेशीर असमर्थता’ संपेपर्यंत घड्याळ थांबते. कलम ८ या सवलतीला मर्यादा घालते. असमर्थता संपल्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात. ‘असमर्थता’ हा शब्द येथे फसवा आहे. हात गमावलेला सुतार किंवा पाय गमावलेला शेतमजूर या कलमाच्या दृष्टीने ‘असमर्थ’ नाही. तो अंथरुणाला खिळलेला असला तरी त्याचे घड्याळ चालूच राहते. कायद्याला येथे केवळ वय आणि मनाची अवस्था दिसते, शरीराची दिसत नाही.

आता हे कुंभकोणमच्या तारखेला लावून पाहा. २००४ च्या जुलैत आठ वर्षांची असलेली एखादी भाजलेली मुलगी २०१४ च्या सुमारास सज्ञान झाली असती. शाळेच्या निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा लावण्यास तिला २०१७ पर्यंत अवधी होता. तिच्याच बाकावर बसणारी व आगीत दगावलेली मुलगी घ्या. तिच्या आईवडिलांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली दावा करावयाचा असता, तर अनुसूचीच्या अनुच्छेद ८२ नुसार मृत्यूच्या दिनांकापासून दोनच वर्षे, म्हणजे जुलै २००६ पर्यंतचा काळ होता. शोकाला सवलत नाही. एकाच वर्गखोलीतील दोन कुटुंबांच्या मुदतींत अकरा वर्षांचे अंतर पडते.

दिवाणी दाव्याचा मार्ग असा काट्याचा असल्यामुळे, शासनाची जबाबदारी जेथे गुंतलेली असते तेथे पीडित राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करतात. रिट याचिकेला मुदत अधिनियमाची ठरीव मुदत लागू होत नाही. मात्र अक्षम्य दिरंगाई झाली आहे असे वाटल्यास न्यायालय दार बंद करू शकते. मुदतीची जागा येथे न्यायाधीशाचा विवेक घेतो. गरिबाच्या दृष्टीने ही सोय आहे आणि अनिश्चितताही.

अपंगत्व उशिरा येते

अर्थशास्त्रज्ञाला या साऱ्यात खटकणारी गोष्ट निराळी आहे. घड्याळ अपघाताच्या क्षणी सुरू होते, हानी मात्र त्या क्षणी पूर्ण झालेली नसते. भाजलेल्या त्वचेचे व्रण आखडतात. मूल वाढते, पण व्रण त्याच्याबरोबर वाढत नाही, म्हणून वाढीच्या वयात पुनःपुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागतात. कायमचे अपंगत्व किती टक्के, हे वैद्यकीय मंडळ उपचार स्थिरावल्यावरच सांगू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील आरक्षणासारखे बहुतेक लाभ ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाला मिळतात. तो आकडा हातात येईपर्यंत दावेदाराचे काही महिने, कधी वर्षे निघून गेलेली असतात.

शिवाय वैद्यकीय टक्केवारी म्हणजे आर्थिक हानी नव्हे. ‘राज कुमार विरुद्ध अजय कुमार’ (२०११) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने शारीरिक अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट यांत स्पष्ट भेद केला. एक बोट गेलेला कारकून आणि एक बोट गेलेला तबलजी यांची टक्केवारी सारखी असेल, पण मिळकत सारखी घटत नाही. याचे बीज ‘प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबता’ या १९७५ च्या निर्णयात आहे. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेला तो कामगार सुतार होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, असे न्यायालयाने मानले. आपल्या विषयासाठी याच निर्णयातील दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. भरपाई देण्याचे दायित्व आयुक्ताने आदेश काढल्यावर नव्हे, तर अपघात झाला त्याच क्षणी निर्माण होते आणि व्याज व दंड त्यापुढे लागतात.

मुलांच्या बाबतीत कमाईच नसल्याने अडचण वाढते. ‘मल्लिकार्जुन’ खटल्यात (२०१३) न्यायालयाने अपघातग्रस्त मुलांसाठी एक ढोबळ पायरी आखली. १० टक्क्यांपर्यंतच्या अपंगत्वास १ लाख, ३० पर्यंत ३ लाख, ६० पर्यंत ४ लाख, ९० पर्यंत ५ लाख आणि त्यावर ६ लाख रुपये. सात वर्षांनी ‘काजल विरुद्ध जगदीश चंद’ (२०२०) या खटल्यात संपूर्ण अपंगत्व आलेल्या बारा वर्षांच्या मुलीला कुशल कामगाराचे किमान वेतन, परिचारिकेचा आयुष्यभराचा खर्च आणि १८ चा गुणक धरून ६२ लाखांहून अधिक रक्कम दिली गेली. पहिली रीत झटपट आहे, पण भाववाढीबरोबर शिळी होत जाते. दुसरी न्याय्य आहे, पण तिला पुरावा व वेळ लागतो. तो अपघात २००७ चा होता, हे ध्यानात घ्यावे.

यातच ‘नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग’ या २००२ च्या निर्णयाची भर घालावी. मोटार वाहन कायद्यात एकदा निवाडा झाल्यावर पुढच्या उपचारांसाठी पुन्हा रक्कम मागण्याची तरतूद नाही. म्हणून भावी वैद्यकीय खर्चही निवाड्याच्या वेळीच ठरवावा लागतो. घाईने दावा करावा तर हानी पूर्ण दिसत नाही, थांबावे तर मुदत जाते, अशा कात्रीत दावेदार सापडतो.

मोटार वाहन कायद्याचा हेलकावा

मुदतीविषयी संसदेचे मन कसे बदलत गेले, हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६(३) वरून दिसते. मूळ कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत होती आणि पुरेशा कारणास्तव बारा महिन्यांपर्यंत विलंब माफ करता येई. १९९४ च्या दुरुस्तीने हे उपकलमच गाळले. मोडलेल्या पायाने गावी पडलेल्या माणसाला सहा महिन्यांत वकील गाठणे जमत नाही, हे तेव्हा मान्य झाले होते. पुढील पाव शतक दाव्याला मुदत नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या वेळी विलंब माफ करण्याची तरतूदही ठेवलेली नाही. तिच्या घटनात्मक वैधतेला आव्हान दिले गेले आणि केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला.

मुदत असण्याला अर्थ नाही, असे मात्र समजू नये. साक्षीदार विसरतात, कागद गहाळ होतात, विमा कंपनीला दायित्वाचा हिशेब कधी तरी मिटवावा लागतो. प्रश्न मुदत किती आणि कोणासाठी हा आहे. कामगारांसाठीच्या १९२३ च्या भरपाई अधिनियमात दावेदाराला दोन वर्षे होती व आयुक्ताला पुरेशा कारणास्तव विलंब माफ करता येई. देणे उद्भवल्यापासून एका महिन्यात मालकाने रक्कम दिली नाही, तर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड होता. दोन्ही पक्षांना घड्याळ लावणारा असा कायदा आपल्याकडे विरळा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये तो विलीन झाला आहे.

निवृत्तिवेतन : दरमहा नवे देणे

एकरकमी भरपाई आणि दरमहा मिळणारे अपंगत्व निवृत्तिवेतन यांत कायदा फरक करतो. ‘भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग’ (२००८) या खटल्यातील सैनिकाला नोव्हेंबर १९८३ मध्ये वैद्यकीय कारणास्तव सेनेतून कमी करण्यात आले. अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी तो १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेला. सोळा वर्षांच्या विलंबामुळे त्याचा हक्क बुडाला काय? सर्वोच्च न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. निवृत्तिवेतन न देणे हे ‘अखंड चालू अपकृत्य’ आहे. दर महिन्याला ते नव्याने घडते, म्हणून दाव्याचे कारणही नव्याने उद्भवते. पण थकबाकीच्या बाबतीत न्यायालय सैल झाले नाही. याचिका दाखल होण्याआधीच्या तीनच वर्षांची बाकी मिळेल, असे त्याने ठरविले. हक्क जिवंत राहिला आणि मागील सुमारे तेरा वर्षांचे पैसे गेले.

या निर्णयाचा उपयोग उत्तरपत्रिकेपलीकडेही आहे. ज्याचे दरमहा देणे कोणी अडवून ठेवले आहे, त्याने उशीर झाला म्हणून घरी बसण्याचे कारण नाही. मात्र याचिका जितके महिने लांबेल, तितके महिने थकबाकीच्या मागील टोकाकडून कापले जातात.

रुपयाचे वजन

विलंबाचा खर्च कोणावर पडतो, हे थोड्या अंकगणिताने पाहू. समजा, अपघाताच्या दिवशी न्याय्य भरपाई ५ लाख रुपये आहे आणि भाववाढ वर्षाला सरासरी ६ टक्के आहे. दहा वर्षांनी व्याजाविना तेच ५ लाख हाती आले, तर त्यांची क्रयशक्ती अपघातकाळच्या सुमारे २ लाख ७९ हजारांइतकी उरते. न्यायालयाने ६ टक्के सरळ व्याज दिले, तर एकूण ८ लाख मिळतात आणि त्यांचे खरे मोल सुमारे ४ लाख ४७ हजार भरते. व्याजाचा व भाववाढीचा दर एकच असूनही तूट येते, कारण भाव चक्रवाढीने चढतात आणि न्यायालयीन व्याज बहुधा सरळ असते. ९ टक्के सरळ व्याजाने दहा वर्षांत दावेदार किंचित नफ्यात दिसतो. त्याच दराने वीस वर्षे लोटली, तर १४ लाखांचे मोल सुमारे ४ लाख ३७ हजारांवर येते. म्हणजे व्याजदर उदार असला, तरी काळ पुरेसा लांबला की तो हरतो. वर्गात हे गणित मांडले की विद्यार्थी प्रथम सूत्रावर संशय घेतात.

त्यात व्याज कोणत्या दिवसापासून, हा आणखी एक मुद्दा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७१ अन्वये सरळ व्याज दावा दाखल केल्याच्या दिनांकाआधीपासून देता येत नाही. दावेदाराने दावा लावण्यात घालविलेला काळ त्याच्याच खात्यावर पडतो. उलट, देणेकऱ्याला रक्कम अडवून ठेवणे हे स्वस्त कर्ज ठरते. अशा रचनेत खटला लांबविणे हा विमा कंपनीचा वा शासकीय खात्याचा दुष्टपणाच असावा लागत नाही. वहीखात्याचा साधा हिशेबही त्याच दिशेने ढकलतो.

शासनाची दिरंगाई

मुदत अधिनियमानुसार बहुसंख्य दिवाणी दाव्यांना खाजगी व्यक्तीस तीन वर्षे मिळतात, तर शासनाला स्वतःच्या दाव्यासाठी तीस. शासनाविरुद्ध दावा करावयाचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. विलंब माफीतही शासनाला दीर्घकाळ झुकते माप मिळाले. ‘अनंतनागचे जिल्हाधिकारी विरुद्ध काटिजी’ (१९८७) या निर्णयाने उदार दृष्टिकोन रूढ केला. ‘बालकृष्णन विरुद्ध कृष्णमूर्ती’ (१९९८) या खटल्यात ८८३ दिवसांचा विलंब माफ करताना न्यायालयाने विलंबाच्या लांबीपेक्षा स्पष्टीकरणाच्या सचोटीला महत्त्व दिले. परंतु २०१२ मध्ये ‘पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया’ या निर्णयाने सूर बदलला. ४२७ दिवसांच्या विलंबासाठी फाइल टेबलाटेबलावर फिरत होती हे कारण चालणार नाही, मुदतीचा कायदा सर्वांना सारखा, असे न्यायालयाने बजावले. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारला ६६३ दिवसांच्या विलंबाबद्दल २५ हजारांचा भुर्दंड बसला. त्या रकमेने खजिना हलत नाही, हे उघड आहे; वसुली जबाबदार अधिकाऱ्यांकडून करण्याचा आदेश मात्र बोचणारा होता.

कैफियतीची मुदतही अशीच सैल झाली. २००२ च्या दुरुस्तीने लेखी कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत दाखल करावी, असे ठरले. २००५ मध्ये ‘कैलाश विरुद्ध नन्हकू’ आणि त्यापाठोपाठ तामिळनाडूतीलच सेलम वकील संघाच्या याचिकेवरील निर्णयाने ही मुदत निर्देशात्मक आहे, बंधनकारक नाही, असा अर्थ लावला. वाणिज्यिक दाव्यांत मात्र १२० दिवसांनंतर कैफियत स्वीकारलीच जात नाही. कंपन्यांच्या कराराच्या तंट्याला कडक घड्याळ आणि जखमी माणसाच्या दाव्याला ढिले, ही आपल्या सुधारणांची अग्रक्रमवारी सांगते.

सामूहिक दुर्घटनांत न्यायालयांनी यावर एक तोडगा काढला आहे. प्रत्येक कुटुंबाचा वेगळा दावा चालविण्याऐवजी निवृत्त न्यायाधीशाकडून एकत्र मोजणी करून घ्यावयाची. जमशेदपूर येथे ३ मार्च १९८९ रोजी लागलेल्या आगीतील पीडितांची भरपाई ठरविण्याचे काम निवृत्त सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्याकडे सोपविले गेले आणि ‘लता वाधवा विरुद्ध बिहार राज्य’ या निर्णयाने ऑगस्ट २००१ मध्ये आकडे वाढवून निश्चित झाले. बारा वर्षे लागली. हरियानातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ च्या शालेय समारंभातील आगीत ४४२ जण दगावले. न्यायमूर्ती टी. पी. गर्ग आयोगाच्या अहवालावर पंजाब व हरियाना उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये निर्णय देऊन भार शासन व संस्था यांच्यात ४५ व ५५ टक्के असा वाटला. तेथे चौदा वर्षे. कुंभकोणमची कालरेषा याच जातीची आहे. मोजणीची पद्धत तिन्हींत बरी, आरंभ मात्र प्रत्येक ठिकाणी उशिरा, कारण असा आयोग आपोआप नेमला जावा अशी कायद्यात तरतूद नाही. तो मागावा लागतो, मिळवावा लागतो.

महाराष्ट्राने शेतकऱ्यांच्या बाबतीत वेगळी वाट धरली. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यू अथवा दोन अवयव गमावल्यास २ लाख आणि एक अवयव वा एक डोळा गमावल्यास १ लाख रुपये ठरलेले आहेत. निष्काळजीपणा कोणाचा, हा प्रश्न तीत विचारला जात नाही. विमा कंपन्यांच्या मध्यस्थीने चालणारी ही योजना २०२३ मध्ये थेट सानुग्रह अनुदानात रूपांतरित झाली. रक्कम तोकडी आहे. पण दोष सिद्ध करण्याची गरज नसणे आणि आकडा आधीच ठरलेला असणे, या दोन गोष्टींनी वादाचे क्षेत्र आकसते आणि वाद आकसला की काळही आकसतो.

आदेश मिळाल्यानंतरची एक मुदत मात्र बहुतेक पाठ्यपुस्तकांत नसते. उच्च न्यायालयाने ‘आठ आठवड्यांत रक्कम द्यावी’ असे फर्मावले आणि खाते स्वस्थ बसले, तर पीडितापुढे अवमान याचिकेचा मार्ग असतो. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चे कलम २० त्यासाठी एकच वर्ष देते. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागण्यास बारा वर्षे आहेत. म्हणजे मुदत चुकविली शासकीय खात्याने, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे नवे घड्याळ पुन्हा सुरू झाले ते जखमी मुलाच्या पालकांचे.